एअरब्रशसाठी हवा कोठून घ्यावी

मूर्तीवर छटा मारण्यासाठी एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारा ब्रश, घेणारे बहुतेक जण ब्रश निवडण्यात महिना घालवतात आणि हवेचा प्रश्न मात्र दुकानदारावर सोपवतात. ०.३ मिलिमीटर नोझलच्या ब्रशला साधारण १५ ते ३० पीएसआय, म्हणजे १ ते २ बार एवढाच दाब लागतो. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून देणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर ठळक छापलेल्या ८ बारच्या आकड्याला भुलू नये. हवा एका दाबाने आणि कोरडी आली पाहिजे.

हवेचे तयार डबे चार दिवसांच्या हौसेपुरते ठीक. वापरताना डबा गार पडतो आणि दाब उतरत जातो. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर स्वस्त पडतो, पण त्याचा प्रत्येक ठोका रंगात उमटतो आणि सोंडेच्या वळणावर ओढलेली बारीक रेघ ठिपक्यांची माळ होऊन बसते. तेलविरहित पिस्टनचा, ३ लिटर टाकीचा आणि टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा कॉम्प्रेसर मला सर्वांत सोयीचा वाटतो. गॅरेजमधला २४ लिटरचा कॉम्प्रेसरही दाब हवा तेवढा ठेवणारा रेग्युलेटर लावून चालतो. फक्त चाळीत राहात असाल तर आधी शेजाऱ्यांचा विचार करा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर शांत आणि कोरडा असतो, मात्र तो उभाच ठेवावा आणि खोलीत वारा खेळता असावा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नये.

पेणसारख्या गावात मूर्तींचे रंगकाम नेमके आषाढ-श्रावणात रंगात येते आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. दमट हवा टाकीत दाबली गेली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. कॉम्प्रेसरमधून हवा गरम निघत असल्याने काही बाष्प तोंडाशी लावलेल्या, हवेतले पाणी अडवणाऱ्या जलसापळ्यातून तसेच पुढे जाते आणि पाइपात गार झाल्यावर थेंब धरते. माझ्या एका मूर्तीच्या गालावर असाच थेंब उडाला आणि अर्धा चेहरा पुन्हा रंगवावा लागला. तेव्हापासून मी ३ मीटरचा पाइप वापरतो, दुसरा छोटा सापळा ब्रशच्या मुठीखाली लावतो आणि रोज संध्याकाळी टाकीच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकतो.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच आपला ब्रश जोडून, हवा वाहत असताना दाब २० पीएसआयवर लावावा आणि ट्रिगर २ मिनिटे दाबून धरावा. काटा घसरत राहिला, तर तो कॉम्प्रेसर तेथेच ठेवून यावा.