चेरी श्रिंपची टाकी: आधी पाणी, मग श्रिंप

वनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, पाळायच्या असतील, तर टाकी भरल्यावर किमान 4 ते 6 आठवडे त्या आणूच नयेत. या काळात स्पंज फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. चाचणीत पहिले दोन्ही शून्य आले आणि काचेवर, जावा मॉस या पाणवनस्पतीवर शेवाळाचा पातळ थर दिसू लागला, की टाकी तयार झाली असे समजावे. हा थर श्रिंपचे रोजचे अन्न असतो आणि चिमुकल्या नांग्यांनी तो वेचत त्या दिवसभर फिरत असतात.

पुण्यात खरी गोम पाण्याची आहे. खडकवासल्याचे नळाचे पाणी बरेचसे मृदू, तर बोअरवेलचे बहुधा जड. सोसायटीच्या टाकीत उन्हाळ्यात दोन्ही एकत्र होत असतील, तर प्रत्येक वेळी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने, मोजूनच पाणी घालावे. साधारण 150 ते 250 पीपीएम उत्तम. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढावे, तांबे असलेली खते व औषधे कटाक्षाने टाळावीत आणि एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये, कारण अचानक फरक पडल्यास श्रिंप कात टाकताना दगावतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी 28 अंशांवर जाऊ लागल्यास पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. आपल्याकडील कोरड्या हवेत त्याने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. मात्र बाष्पीभवनाने क्षार मागेच राहतात, म्हणून घटलेली पातळी जवळपास क्षार नसलेल्या आरओच्या पाण्यानेच भरावी.