हाबिलिटेशनची तयारी: प्रबंधाच्या आधी काय काय

जर्मनीत पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या नेमणुकीची, दोन-तीन वर्षं झाली की कॉफी पिताना कोणीतरी विचारतंच, ‘मग, हाबिल करणार का?’ हाबिल म्हणजे हाबिलिटेशन. आपल्याकडे डी.लिट. म्हटलं की शाल, श्रीफळ आणि पदवीदान समारंभ डोळ्यांपुढे येतो. इथला मामला तसा नाही. पीएच.डी.नंतर काही वर्षं संशोधन आणि शिकवणं करून, मग विद्याशाखेपुढे उभं राहून ‘हा माणूस हा विषय स्वतंत्रपणे शिकवू शकतो’ असा शिक्का मिळवायचा. त्यासाठी काय काय जमवावं लागतं ते सांगतो. प्रबंधाबद्दल मी सर्वांत कमी बोलणार आहे. पीएच.डी. केलेल्या माणसाचा प्रबंध लिहून होतो. गाडी अडते ती बाकीच्या गोष्टींवर.

आधी आपल्याला हे लागतंय का ते ठरवा. 2002 पासून जर्मनीत ज्युनियर प्रोफेसर हे पद आहे, जर्मन संशोधन परिषदेच्या एमी नोएथर योजनेतून स्वतःचा गट उभारता येतो, आणि अभियांत्रिकीत उद्योगातल्या अनुभवाला वजन आहे. या वाटांनी हाबिलिटेशनशिवाय प्रोफेसर होता येतं. इतिहास, भाषा, कायदा आणि वैद्यक इथे मात्र त्याला अजून मान आहे. देशभरात वर्षाला साधारण दीड हजार हाबिलिटेशन होतात आणि त्यातली निम्मी वैद्यकातली असतात. दोन-चार वर्षांत भारतात परतायचा बेत पक्का असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की या भानगडीत पडू नका. तिकडे प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत ही अट नसते. तेवढ्या वेळात चार चांगले पेपर लिहा.

ठरलंच, तर पहिलं काम म्हणजे आपल्या विद्याशाखेची हाबिलिटेशन नियमावली उतरवून घेणं आणि हातात पेन्सिल घेऊन वाचणं. शेजारच्या विद्यापीठातल्या मित्राचे नियम तुम्हाला लागू नाहीत. एकाच विद्यापीठात वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांचे नियमसुद्धा वेगळे. पीएच.डी.नंतर किती काळ जावा लागतो, किती सत्रं शिकवलेलं हवं, सलग प्रबंध हवा की पेपरांचा संच चालतो, पेपर किती आणि त्यात पहिला लेखक कितींत, एवढ्यांवर खुणा करा. पदवी भारतातली असेल तर तिच्या समकक्षतेचा प्रश्न डीनच्या कार्यालयाला आत्ताच विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

दुसरं घड्याळाचं. 2007 च्या कायद्यानुसार पीएच.डी.नंतर विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारण सहा वर्षं राहता येतं, वैद्यकात नऊ. मूल असेल तर प्रत्येकामागे दोन वर्षं वाढू शकतात. आपली मुदत कधी संपते ती तारीख मनुष्यबळ विभागाकडून लेखी काढा आणि त्याआधी निदान एक वर्ष अर्ज करायचा असं धरून मागे मोजत या. बाहेरचे परीक्षक अहवाल पाठवायला किती महिने घेतील, हे तुमच्या हातात नाही.

मग विषयाचं नाव. शिकवण्याचा अधिकार एका ठरावीक विषयासाठी मिळतो, आणि त्या विषयाचे लोक विद्याशाखेत असावे लागतात. वाल्टर बेन्यामिनसारख्या नामवंत विचारवंताला 1925 मध्ये फ्रांकफुर्टला अर्ज मागे घ्यावा लागला. साहित्यवाल्यांनी सौंदर्यशास्त्राकडे पाठवलं आणि तिथल्या परीक्षकाला लिखाण कळेना. दोन विभागांच्या मधोमध बसणारं काम असेल, तर कोणता विभाग आपलं म्हणणार हे आधीच विचारून घ्या. बव्हेरिया राज्यात मार्गदर्शक प्राध्यापकांचं मंडळ आणि मध्यावर एक तपासणी असते. इतरत्र ते काम तुम्हालाच करावं लागतं.

आता शिकवणं. इथे आपली मंडळी हमखास मागे पडतात, कारण प्रकल्पावर नेमलेल्या पोस्टडॉकला शिकवण्याची सक्ती नसते आणि सुरुवातीला ते बरंही वाटतं. मागून घ्या. दर सत्रात आठवड्याला दोन तासांचा एक वर्ग, शक्यतो जर्मनमधून, निदान पदवीच्या मुलांसाठी. महत्त्वाचं म्हणजे अभ्यासक्रमाच्या यादीत तुमचं नाव छापलं गेलं पाहिजे. सहायकाने शिकवायचं आणि यादीत प्रोफेसरांचं नाव, हे अजून चालतं. ग्योटिंगेनला गणितज्ञ एमी नोएथर (वरची योजना यांच्याच नावाची) यांची व्याख्यानं 1919 मध्ये हाबिलिटेशन मिळेपर्यंत तिथले गणिताचे प्रोफेसर हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर व्हायची. बायकांना हाबिलिटेशन नाही, हा तेव्हाचा नियमच बाईंना आडवा येत होता. तुम्हाला तसा नियम आडवा येत नाही, तेव्हा सत्र सुरू होण्याआधी सचिवांना आठवण करा. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे कागद सत्र संपताच मागून ठेवा, नंतर ते सापडत नाहीत.

पेपरांचा संच देणार असाल, तर प्रत्येक पेपरमागे एक निवेदन लागतं. कल्पना कोणाची, मोजमापं कोणी घेतली, विश्लेषण आणि पहिला मसुदा कोणाचा, आणि खाली सहलेखकांच्या सह्या. पेपर छापून आला त्याच आठवड्यात या सह्या घ्या. पाच वर्षांनी एक सहलेखक कोरियातल्या सोल शहरात असतो आणि दुसऱ्याशी तुमचं बोलणं बंद झालेलं असतं. बाकी कागद नेहमीचेच: पदव्यांच्या प्रमाणित प्रती, मराठीतल्या दाखल्यांचा शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद, काम स्वतःचं असल्याचं निवेदन, बऱ्याच ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य दाखला. हा दाखला अर्जाच्या तोंडावर काढा, जुना चालत नाही.

शेवटी व्याख्यान आणि चर्चा. बहुतेक विद्याशाखा तुमच्याकडून तीन विषय मागतात आणि एक निवडतात. विषय प्रबंधापासून दूरचे हवेत. दोन नीट तयार करून तिसरा नावापुरता टाकायचा मोह सगळ्यांना होतो. गणितज्ञ रीमान यांनी तेच केलं होतं. त्यांचे परीक्षक, थोर गणितज्ञ गाउस यांनी रिवाज मोडून नेमका तिसरा उचलला, आणि 10 जून 1854 ला भूमितीच्या पायावरचं ते व्याख्यान झालं. तो रीमान होता. आपण तिन्हींची टिपणं काढावीत आणि एकेकदा तरी मित्रांपुढे जर्मनमध्ये बोलून बघावं. श्रोत्यांत दुसऱ्या विषयांचे प्राध्यापक असतात, त्यांचे साधे वाटणारे प्रश्नच अवघड जातात.

पास झालात की प्रिवाटडोत्सेंट, म्हणजे स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार असलेला अध्यापक. ही नोकरी नव्हे, पगार नाही; उलट हे बिरुद टिकवायला बहुतेक ठिकाणी नियमाने फुकट शिकवावं लागतं, नाहीतर ते जातं. वेगळ्या शहरात नोकरी लागली तर दर आठवड्याची रेल्वे, किंवा नव्या विद्यापीठात हाबिलिटेशन बदलून घेण्याचा अर्ज. त्या अर्जाला पुन्हा हीच फाइल लागते, म्हणून प्रमाणित प्रतींचा एक जादा संच पहिल्याच खेपेला काढून ठेवा.