रिट की दावा? वकिलाकडे येण्याआधी या चुका टाळा

कोकणी माणूस भांडणात सहसा मागे हटत नाही. आम्हा वकिलांच्या ते पथ्यावरच पडतं. पण सरकारी आदेशांविरुद्धच्या आणि व्यापारातल्या येण्याच्या फायली चाळल्या की एक गोष्ट वारंवार दिसते. बाजू खरी असते, कायदाही सोबत असतो, तरी प्रकरण लंगडतं. एक तर मुदत टळलेली असते, नाहीतर पक्षकार भलत्याच दारात वर्षभर बसून आलेला असतो. गावातले पायवाटेचे आणि सामायिक बागेचे दावे दोन पिढ्या चालतात, म्हणून सगळीच प्रकरणं तशीच चालतील असा समज पक्का झालाय. या दोन प्रकारांत तो चालत नाही.

"एकदाच काय ते हायकोर्टात"

तहसीलदाराने बिनशेतीचा दंड लावला किंवा प्रांतांनी फेरफार रद्द केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, रिटच करूया." रिट म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेली याचिका. घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टाचे अधिकार मोठे आहेत, वाद नाही. पण ज्या कायद्याखाली आदेश झाला त्यातच अपिलाची सोय असेल, तर कोर्ट बहुधा आधी तिकडेच पाठवतं. जमीन महसूल संहितेत कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाला ६० दिवस आहेत, इतर बाबतीत ९०. रिट दाखल करायची, चार-सहा महिन्यांनी काढून घ्यायची आणि मग अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडायचा, ही वाट खर्चाची आणि बेभरवशाची. चुकीच्या ठिकाणी प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळून मागता येतो, पण तो प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो.

अपवाद आहेत. व्हर्लपूल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये ते स्पष्ट मांडले: मूलभूत हक्काचा भंग, म्हणणं न ऐकताच केलेला आदेश, अधिकारच नसताना केलेला आदेश, किंवा मूळ कायद्यालाच आव्हान. यातला दुसरा मुद्दा जो तो आपलाच समजतो. "माझं ऐकलंच नाही हो!" बरं, नोटीस आली होती का? आली होती, पण घेतली नाही, पोस्टमनला परत पाठवली. याला ऐकलं नाही असं म्हणत नाहीत.

किनाऱ्यावरच्या बांधकामाचं दार आणखी वेगळं. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना १९९१ ची, सध्याची २०१९ ची. पर्यावरणाचे हे वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे जातात, आणि जे त्याच्या कक्षेत येतं त्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही. मूळ अर्जाला ६ महिने, वर फार तर ६० दिवस. अपिलाला ३० दिवस, वर फार तर ६०. त्यापुढचा विलंब माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. होमस्टे चालवणारा शेजाऱ्याच्या वाढीव मजल्याविरुद्ध तालुक्याच्या कोर्टात मनाई मागत राहतो आणि इकडे मुदत निघून जाते.

हायकोर्ट कुठलं, यातही अजून घोळ होतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. रायगड, ठाणे, पालघर मुंबईकडेच. म्हणजे दापोलीचं प्रकरण घाट चढून कोल्हापूरला आणि बाणकोटच्या खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचं मुंबईला. एकाच खाडीवरून दोन गावं भांडत असतील तर हे आधी बघा.

अर्जावर अर्ज

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आदेश विरोधात गेला की लोक कलेक्टरला अर्ज देतात, मग आयुक्तांना, मग पालकमंत्र्यांना, शेवटी लोकशाही दिनात. प्रत्येक अर्जावर पोच घेतात आणि फाईल जाड झाली की समाधान मानतात. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे की शिळ्या झालेल्या मागणीवर अर्ज देऊन, त्यावर उत्तर आलं म्हणून दाव्याचं कारण नव्याने जन्माला येत नाही. रिटला मुदतीचा कायदा थेट लागू नाही हे खरं, पण विनाकारण उशीर केला तर कोर्ट त्याच मुद्द्यावर परत पाठवतं.

गंमत अशी की एक अर्ज मात्र लागतोच. अधिकाऱ्याला अमुक काम करायला लावा अशी मागणी करायची, तर आधी ती त्याच्याकडे लेखी केली आणि त्याने नाकारली किंवा दाबून ठेवली, हे दाखवावं लागतं. तेव्हा एक नेमका अर्ज द्यायचा, नियमाचा उल्लेख करून, आवक क्रमांक घेऊन. काही आठवडे वाट बघायची. मग थांबायचं आणि वकील गाठायचा.

तोंडी नकारावर समाधान मानू नका. कार्यालयात "होणार नाही" म्हणाले तर ते लेखी मागा. मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून ठरलेलं तत्त्व आहे: आदेशात जी कारणं लिहिली असतील त्यांवरच तो तपासला जातो, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं जोडता येत नाहीत. म्हणून त्रोटक, कारणं न दिलेला आदेश हातात आला तर वैतागू नका. अनेकदा तोच तुमच्या उपयोगी पडतो.

"वकीलानू, माका स्टे होयो"

स्टे, म्हणजे आदेशाला तात्पुरती स्थगिती, हवा असतो सगळ्यांनाच, आणि त्या घाईत नको ते कागद मागे राहतात. वर्षभरापूर्वी भावाच्या नावाने याच बांधकामावर दिवाणी दावा घातला होता, मनाई नाकारली गेली होती, किंवा दंडाची अर्धी रक्कम निमूट भरली होती. हे वकिलाला सांगायचंच नाही, असं कुणीतरी शहाण्याने सुचवलेलं असतं. सरकारी वकील पहिल्याच तारखेला ते काढतो. रिट हा मर्जीचा अधिकार आहे. महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून गुणदोष न बघता याचिका फेटाळल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. अडचणीचा कागद आपणच पहिल्या पानांत जोडला तर त्याचं निम्मं विष उतरतं.

जनहित याचिकेचंही तेच. मुंबई हायकोर्टाचे २०१० चे नियम आहेत, आणि याचिका करणाऱ्याचा स्वतःचा संबंध काय हे त्यात उघड करावं लागतं. खाणीला विरोध करणाऱ्याची शेजारी स्वतःची चिऱ्याची खाण असेल, तर तो मुद्दा सुनावणीत निघणारच.

जेटी, रस्ता, बंदर यांच्या निविदेत हरलेल्यांसाठी एवढंच: अटी जाचक वाटत असतील तर निविदा भरण्याआधी आक्षेप घ्या. भरून, हरून मग अटींना नावं ठेवणाऱ्याचं कोर्ट फारसं ऐकत नाही. ज्याला काम मिळालं त्याला पक्षकार करा. आणि पायाभूत प्रकल्प असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी कोर्टाला काम अडवणारी मनाई देता येत नाही, हे धरून चला.

पुढच्या सीझनला देतो

आता पैशाचं. मासळीचा पुरवठा, कॅनिंगचा आंबा, बर्फ, डिझेल, हॉटेलचं फर्निचर, यातली येणी वर्षानुवर्षं लोंबकळतात. समोरचा दर वर्षी "पुढच्या सीझनला देतो" म्हणतो, आणि तीन सीझन संपले की मुदतही संपते. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी माल दिल्यापासून ३ वर्षं. तोंडी वायद्याने ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून कर्ज कबूल केलं, किंवा चेकने थोडी रक्कम दिली, तर तिथून ३ वर्षं नव्याने मोजतात. म्हणून दर मार्चला खातेउतारा पाठवून त्यावर "बाकी मान्य" अशी सही, शिक्का, तारीख घ्यावी. संबंध बिघडतील म्हणून लोक टाळतात. सही मागितल्यावर बिघडणारे संबंध तसेही फार टिकणारे नसतात.

पुढची गोष्ट अजून बऱ्याच व्यापाऱ्यांच्या कानावर गेलेली नाही. व्यापारी न्यायालयांचा कायदा २०१५ चा. सुरुवातीला १ कोटीच्या वरचे वाद त्यात यायचे, २०१८ पासून ती मर्यादा ३ लाख झाली. म्हणजे साडेतीन लाखांच्या कोळंबीच्या बिलाचा दावाही व्यापारी दावा. मेव्हण्याला दिलेले हातउसने पैसे मात्र त्यात बसत नाहीत. जागेच्या व्यवहाराबद्दलचा वाद असेल, तर ती जागा प्रत्यक्ष फक्त धंद्यासाठी वापरात असली पाहिजे, पुढेमागे रिसॉर्ट काढू म्हणून चालत नाही.

या दाव्यात दोन सापळे आहेत. पहिला वादीसाठी. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशन निकालात सुप्रीम कोर्टाने २० ऑगस्ट २०२२ पासून ही अट पक्की केली, त्यानंतर थेट घातलेला दावा दारातच फेटाळला जातो. अर्जाची फी १,००० रुपये, कालावधी ३ महिने, दोघांची संमती असेल तर आणखी २, आणि हा काळ मुदतीतून वगळतात. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. ही पायरी चुकवण्यासाठी खोटी तातडी उभी करू नका, कोर्ट ती तपासतं. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतकंच बळ असतं, म्हणून मध्यस्थीला नाकं मुरडण्यातही अर्थ नाही.

दुसरा सापळा प्रतिवादीसाठी, आणि इथे मी बरेच जण बुडताना पाहिलेत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, कोर्टाने परवानगी दिली तरी १२० दिवसांपलीकडे नाही. साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवस उलटले तरी कोर्ट समजून घेऊ शकतं, इथे हक्कच जातो. "गणपती होऊ देत, मग बघू" म्हणणाऱ्याचे त्यातले तीस-चाळीस दिवस असेच जातात. शिवाय कागद सुरुवातीलाच जोडायचे असतात, "नंतर देतो" ही सवय इथे सोडा.

करारात लवादाचं कलम असेल तर ते कैफियत देण्याआधी किंवा फार तर तिच्यासोबतच पुढे करा. लघुउद्योगांना ४५ दिवसांनंतरच्या थकबाकीवर चक्रवाढ व्याजाचा कायदा आहे, पण उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असू द्या, मागाहून केलेल्या नोंदणीवर नवाच वाद उभा राहतो.

पुरावा खिशात, पण उपयोग नाही

बागायतदार आणि वाशीचा व्यापारी यांचा सगळा व्यवहार आता फोनवर. पेट्या किती, भाव काय, पट्टी कधी येणार, सगळं व्हॉट्सॲपवर. मग कोर्टासाठी स्क्रीनशॉटची छपाई येते. त्यात वर नाव असतं "भाई वाशी", नंबर कुठेच नाही. अर्ध्या ऑर्डरी आवाजी संदेशात, त्यांची फक्त निळी रेघ छापलेली. आणि मूळ फोन? पावसात भिजला, एक्स्चेंजमध्ये दिला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली असा पुरावा देताना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुमचा, एक तज्ज्ञाचा. जुन्या कायद्यातही ते लागायचंच. जालन्याच्या खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं ठरवलं. तेव्हा फोन बदलण्याआधी संभाषण एक्स्पोर्ट करा, नंबर उघडा ठेवा, आणि वाद दिसू लागला की तो फोन बाजूला काढून ठेवा.

"पूर्वापार चालत आलंय" हा कोकणातला आवडता युक्तिवाद, पण तोही पुराव्याने सिद्ध करावा लागतो. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळींनी डॉ. आंबेडकर आणि इतरांविरुद्ध तो दाखल केला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर, आणि इथे प्रतिवादी. अनादी रूढीचा दावा होता, तळं मात्र नगरपालिकेच्या ताब्यातलं. रूढी सिद्ध करणं वादींना जमलं नाही, आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टातही ते हरले.

फाईल देताना

वकिलाला कागदांची पिशवी देऊ नका. एका पानावर तारीखवार टिपण द्या: अमुक दिवशी नोटीस, अमुक दिवशी उत्तर, अमुक दिवशी आदेश. कोल्हापूरचा किंवा मुंबईचा वकील तेच पान आधी वाचतो. आणि पाकीट फेकू नका. समजा आदेशावर तारीख ३ मार्चची आहे, पाकिटावर टपालाचा शिक्का २८ मार्चचा आणि तुमच्या हाती पडलं २ एप्रिलला. मुदतीच्या भांडणात त्या शिक्क्याला आदेशातल्या परिच्छेदांपेक्षा जास्त किंमत येऊ शकते. प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वगळून मिळतात.

निकालानंतर

याचिका मागे घ्यायची वेळ आली तर पुन्हा दाखल करण्याची मुभा आदेशात लिहून घ्या. तशी नोंद नसेल तर त्याच कारणासाठी दुसरी रिट सहसा चालत नाही. आणि "आठ आठवड्यांत निर्णय घ्या" असा आदेश मिळाला की पेढे वाटून घरी बसू नका. अधिकाऱ्याकडे तो आपोआप पोचेल या भरवशावर राहू नका. प्रमाणित नक्कल स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, आठ आठवडे कधी संपतात ते कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. आदेश पाळला नाही तर अवमानाची कारवाई तेव्हापासून १ वर्षाच्या आतच सुरू व्हावी लागते.