ऑनलाइन ड्रम शिकताय? या चुका टाळा

ध्वनिचित्रमुद्रित धडे पाहून ड्रम शिकणाऱ्या अनेकांना पहिल्या काही महिन्यांतच एक अनुभव येतो. वाजवताना ठेका नेटका वाटतो, पडद्यावरच्या शिक्षकाबरोबर हातही पडतात. पण तेच वाजवणे मोबाइलवर मुद्रित करून ऐकले की हाय-हॅट (पायाने उघड-मीट होणारी झांजांची जोडी) लंगडतो, फिल (ठेक्याच्या मध्ये भरलेला छोटा तुकडा) सुरू होताच लय पळू लागते आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअर (खाली तारा असलेला मुख्य ड्रम) एकमेकांना शोधत असल्यासारखे वाटतात. याचा अर्थ कान खराब आहे असा नाही. सुरुवातीच्या काळात सगळे लक्ष हातापायांच्या हालचालींत गुंतलेले असते आणि ऐकण्यासाठी फारसे शिल्लक राहत नाही. समोर बसलेला शिक्षक ही उणीव भरून काढतो. ऑनलाइन शिकताना ती सोय आपली आपल्यालाच करावी लागते आणि पुढच्या बहुतेक चुका ती न केल्यामुळेच होतात.

स्वतःचे वाजवणे न ऐकणे

रोजच्या सरावातील निदान दोन मिनिटे मुद्रित करावीत. मोबाइल ड्रमच्या अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो. तो दोन-तीन मीटर अंतरावर, खांद्याच्या उंचीला आणि शक्यतो बाजूने ठेवावा. बाजूच्या कोनातून दोन्ही काठ्या किती उंचीवरून खाली येतात ते दिसते. ही उंची वेगवेगळी असेल तर आवाजही कमीजास्त येणार, हे उघड आहे. मोबाइलचा मायक्रोफोन हलके व जोरदार आघात जवळजवळ एका पातळीवर आणतो, त्यामुळे घोस्ट नोट्स (अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे आघात) नीट वाजतात की नाही याचा निवाडा त्यावरून करू नये. लय तपासायला मात्र तो पुरेसा आहे.

मुद्रण एकदाच ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणे उपयोगाचे नाही. पहिल्या वेळी फक्त हाय-हॅट ऐकावा, दुसऱ्या वेळी फक्त स्नेअर, तिसऱ्या वेळी किक आणि हाय-हॅट एकत्र पडतात का ते पाहावे. जिथे एकच ‘ढप्’ ऐकू यायला हवा तिथे ‘ट-ढप्’ असे दोन तुकडे येत असतील, तर हात पायाच्या आधी पोहोचतो आहे किंवा पाय हाताच्या. अशा वेळी संपूर्ण ठेका पुन्हा पुन्हा वाजवल्याने चूकच पक्की होते. बाकी सर्व सोडून फक्त ती जोडी मिनिटाला ५० ते ६० ठोक्यांच्या गतीवर एकत्र पाडावी आणि एकसंध आवाज येऊ लागल्यावरच तिसरा अवयव जोडावा.

थेट वर्गात आवाज पोहोचत नाही

व्हिडिओ कॉलवर शिकणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. ही साधने माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू जावे यासाठी घडवलेली असतात आणि बोलणे नसलेला आवाज ती गोंगाट समजून दाबतात. दुर्दैवाने, सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ड्रम हा गोंगाटच. त्यामुळे पहिला आघात ऐकू येतो, पुढचे तीन गायब होतात, सिंबलची (झांजेची) आस मध्येच तुटते आणि शिक्षकाला वाटते की विद्यार्थीच अडखळतो आहे. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय आहे. ती सेटिंग्जमध्ये सुरू केल्यावर वर्ग चालू असतानाही एकदा चालू आहे ना ते पाहावे. इतर साधनांत गोंगाट कमी करणारा आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणारा, असे दोन्ही पर्याय बंद करावेत.

कॉलवर शिक्षकाबरोबर एकाच वेळी वाजवण्याचा हट्टही सोडावा. त्याचा आवाज आपल्यापर्यंत आणि आपला परत त्याच्यापर्यंत जाताना दोनदा उशीर होतो. आपण अगदी अचूक वाजवले तरी त्याला ते मागेच पडलेले ऐकू येणार. एकाने वाजवावे, दुसऱ्याने ऐकावे, मग अदलाबदल करावी. मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिक-टिक करणारे साधन) नेहमी वाजवणाऱ्याच्या बाजूला असावा.

ब्लूटूथचा घोळ

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे सोळावी नोट, १२५ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर सोळाव्या नोटपेक्षाही मोठा आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने आपला ड्रम पन्नास मीटरवरून ऐकत वाजवण्यासारखाच हा प्रकार झाला.

मात्र, ‘ड्रमसाठी ब्लूटूथ वापरूच नका’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. साध्या ड्रमवर किंवा प्रॅक्टिस पॅडवर (सरावाच्या रबरी चकतीवर) वाजवताना फक्त धडा किंवा मेट्रोनोम ब्लूटूथवरून येत असेल, तर आपण जे ऐकतो त्याच्याशीच हात जुळवतो, त्यामुळे वाजवण्यात बाधा येत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, कारण तिथे आपल्या आघाताचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि हात नकळत घाई करू लागतो. दुसरी मुद्रणात: गाणे उशिरा ऐकून वाजवलेले आघात नंतर मूळ गाण्यावर ठेवले की सर्वच मागे पडलेले दिसतात आणि विद्यार्थी नसलेली चूक सुधारत बसतो. दोन्हींवर उपाय एकच, तारेचा हेडफोन.

इलेक्ट्रॉनिक ड्रम संगणकाला जोडून तेथील आवाज वापरत असाल तर बफरही (संगणक आवाज पुढे पाठवण्याआधी साठवतो तो तुकडा) पाहावा. ४४,१०० हर्ट्झ नमुना-दराला २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ६ मिलिसेकंद घेतो. १०२४ चा बफर सुमारे २३ मिलिसेकंद घेतो आणि हातांना तो जाणवू लागतो.

मेट्रोनोम लावला, पण ऐकला नाही

मेट्रोनोम चालू आहे म्हणजे आपण लयीत आहोत असे नव्हे. साध्या ड्रमवर एक सोपी खूण आहे: आघात अचूक पडला की मेट्रोनोमचा टिक-आवाज त्याखाली झाकला जातो. टिक सतत वेगळी ऐकू येत असेल तर आपण पुढे किंवा मागे आहोत.

लय सर्वाधिक पळते ती फिलमध्ये. त्याची परीक्षा अशी घ्यावी: तीन बार (मात्रांची आवर्तने) साधा ठेका, चौथ्या बारमध्ये फिल, आणि पुन्हा पहिली मात्रा मेट्रोनोमवर बसते का ते पाहावे. नसेल बसत, तर फिल चालू असताना मोठ्याने मात्रा मोजाव्यात. सुरुवातीला तोंड आणि हात यांचे जमत नाही आणि याच कारणाने बरेच जण मोजणे सोडून देतात. वास्तविक जिथे मोजणे अडखळते, नेमकी तिथेच लय घसरत असते.

व्हिडिओची गती निम्म्यावर आणून त्याबरोबर वाजवत राहणे हाही एक गैरसमज आहे. संथ गतीचा उपयोग कोणता हात केव्हा पडतो हे पाहण्यापुरता. त्या गतीत सिंबलचा आवाज पसरट होतो आणि आघाताची कड हरवते. हातांचा क्रम समजला की व्हिडिओ बंद करावा आणि मेट्रोनोमवर वाजवावे. सलग दोन मिनिटे न अडखळता जमले तर गती चार-पाच ठोक्यांनी वाढवावी.

पकड, जी कॅमेऱ्यात दिसत नाही

धड्यांतील कॅमेरा बहुधा वरून किंवा समोरून असतो. वरून काठीखालची बोटे झाकली जातात आणि समोरून शिक्षकाचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, त्यामुळे डावे-उजवे उलटे शिकणारेही भेटतात. हातांचा क्रम पाहायला वादकाच्या मागून घेतलेला कोन उत्तम.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काठीचा टेकू असतो. उरलेली बोटे तिला सांभाळतात, आवळत नाहीत. पकड तपासायची असेल तर काठी पॅडवर सोडून द्यावी. सैल पकडीत ती उसळत उसळत थांबते. आवळलेल्या पकडीत एक-दोन टप्प्यांतच मरते. अंगठ्याच्या कडेला फोड येणे, कोपराखालचा हात दगडासारखा ताठणे, आघातानंतर काठी ड्रमच्या कातड्यावर दाबून राहणे ही सर्व एकाच दोषाची लक्षणे आहेत. मुंग्या येत असतील किंवा वेदना थांबत नसेल तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

फक्त पॅडवर शिकणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. पॅडची उसळी भरपूर असल्याने डबल स्ट्रोक (एकाच हाताचे लागोपाठ दोन आघात) तिथे सहज निघतो आणि फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमवर) पोहोचताच दुसरा आघात विरून जातो. रोज पाच मिनिटे उशीवर वाजवावे. उशी काहीच परत देत नाही, म्हणून दुसरा आघात बोटांनाच काढावा लागतो.

बैठकीबाबत एवढेच: मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या असाव्यात. आसन खूप खाली असेल तर कंबर आणि नडगीच्या पुढचे स्नायू लवकर दुखतात.

दोष आपला की वाद्याचा

इलेक्ट्रॉनिक ड्रमवर एका आघाताला दोन आवाज आले तर त्या पॅडची रीट्रिगर मर्यादा (एका आघातानंतर पुढचा आवाज अडवून धरणारी सेटिंग) वाढवावी. हलके आघात वाजतच नसतील तर थ्रेशोल्ड (आवाज निघण्यासाठी लागणारा किमान जोर) कमी करावा. स्नेअर वाजवल्यावर टॉमही बोलत असेल तर सेटिंग्जला हात लावण्याआधी दोन्ही पॅड एकमेकांना किंवा सैल नळीला टेकले आहेत का ते पाहावे. साध्या ड्रममध्ये टॉम वाजवताना स्नेअर खरखरतो, हा बिघाड नाही. तारा टॉमच्या कंपनाने हलतात. टॉमचा किंवा स्नेअरचा सूर थोडा बदलला की ही खरखर कमी होते.

कानांचे मात्र हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेतील नायोश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त आठ तासांची आहे आणि दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. बंद खोलीतला ड्रम ही पातळी सहज गाठतो. धडा ऐकू येत नाही म्हणून हेडफोनचा आवाज चढवत नेण्याऐवजी बाहेरचा आवाज अडवणारे, कान झाकणारे हेडफोन वापरावेत.

धड्यांमागून धडे

परकसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये मान्य केलेल्या यादीत ४० रुडिमेंट (काठ्यांचे मूलभूत सराव-नमुने) आहेत आणि प्रत्येकावर शेकडो व्हिडिओ सापडतात. नवशिक्याने सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग त्याच्या उलट) आणि फ्लॅम (मुख्य आघाताच्या किंचित आधी पडणारा हलका आघात) एवढ्यावरच काही महिने घालवावेत. एका शिक्षकाचा क्रम अर्धवट टाकून दुसऱ्याचा धरला की मधल्या पायऱ्या कोणाकडूनच शिकून होत नाहीत. शिक्षक मुद्रणे तपासून देत असेल तर दहा मिनिटांचा व्हिडिओ न पाठवता एका मिनिटाचा तुकडा पाठवावा आणि सोबत नेमका प्रश्न लिहावा: ‘मिनिटाला ८० ठोक्यांवर पॅराडिडलचा डावा दुसरा आघात दबतो, पकडीमुळे की उंचीमुळे?’