लेबल विकलं गेलं? आधी डिस्क उजेडात धरा

१५ मार्च २०२३ ला बातमी आली की युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीने हायपेरियन हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) विकत घेतलं. भाच्याचा लगेच मेसेज: "मावशी, बरं झालं, आता तुझं सगळं स्ट्रीमिंगवर येईल." आलंही, जुलैपासून टप्प्याटप्प्याने. मी मात्र बातमी आली त्याच संध्याकाळी हार्ड डिस्क शोधत बसले होते. उभा जन्म ग्रंथालयात कॅटलॉगिंग केलंय मी; मालक बदलला की आधी काय गहाळ होतं ते चांगलं ठाऊक आहे.

हायपेरियन हे लंडनचं लेबल, टेड पेरींनी १९८० साली काढलेलं. पैसा पुरेना म्हणून पेरी मिनिकॅब चालवायचे. पहिलं मोठं यश दिलं ते हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या बाराव्या शतकातल्या जर्मन ननच्या रचनांनी. कुठल्या बड्या कंपनीने तेव्हा हात लावला असता त्याला? त्याच २०२३ च्या सप्टेंबरात स्वीडनचं बिस हे असंच लेबल ॲपलकडे गेलं. तेव्हा तुमच्या लाडक्या लेबलाची पाळी येईल असं धरूनच चला.

विकत घेतलेलं सगळं त्याच आठवड्यात उतरवून घ्या. एका छोट्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले माझे चौदा अल्बम "नंतर करू" म्हणत राहिले. दुकान बंद पडलं. पावत्या आहेत, संगीत नाही. फाइल फ्लॅकमध्येच घ्या, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात. सीडीच्या दर्जाचा तासाभराचा अल्बम साधारण ३०० एमबी होतो, म्हणजे शंभर अल्बम एका पेनड्राइव्हवर मावतात. दोन प्रती करा, आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा.

अल्बमसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेची, म्हणजे बुकलेटची, पीडीएफ विसरू नका. लोक नेमकी तीच विसरतात. हायपेरियनच्या शूबर्ट या संगीतकाराच्या गीतांच्या ३७ खंडांत पियानोवादक ग्रॅहम जॉन्सन यांनी एकेका गाण्यावर पानंच्या पानं लिहिलीत. शिवाय मूळ जर्मन शब्द आणि शेजारी इंग्रजी भाषांतर. मला जर्मन ओ की ठो कळत नाही. ते पान समोर नसेल तर माझ्यासाठी निम्मं गाणं गेलंच.

फोल्डरच्या नावात आधी कॅटलॉग क्रमांक घाला. हिल्डेगार्डचा सीडीए ६६०३९. मुखपृष्ठ बदलतं, जुना अल्बम नव्या संचात घुसडला जातो, पण मूळ क्रमांक हाताशी असला की शोध लागतो. कलाकाराच्या नावावर विसंबू नका: शूबर्टच्या गाण्याचा "आर्टिस्ट" कोण? शूबर्ट, गायिका जेनेट बेकर की जॉन्सन? प्रत्येक ॲप वेगळं उत्तर देतं. फाइलींमधली नावं-माहिती दुरुस्त करणारं एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर घेऊन एक रविवार बसा.

आता कपाटातल्या सीडी. १९८८ ते १९९३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ या सीडीच्या कारखान्यात निघालेल्या काही डिस्क तांबूस पडतात. हायपेरियनच्याही त्यात आहेत. डिस्क उजेडात तिरकी धरा. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत 'पीडीओ' दिसलं, तर कडेचा रंग बघा. माझ्या एकीची कड कोऱ्या चहासारखी झालीय. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि हा रोग बाहेरून आत सरकतो, त्यामुळे शेवटचा ट्रॅक आधी चरचरतो. पहिला ट्रॅक लावून "छान वाजतेय" म्हणू नका, शेवटचा लावा. आणि चरचर सुरू व्हायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवा. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकटचं सॉफ्टवेअर हळू चालतं, पण चूक लपवत नाही.

नव्या मालकाच्या ॲपचं काय? वापरा की, मीही वापरते. फक्त त्याच्या भरवशावर कपाट रिकामं करू नका. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये प्राइमफॉनिक हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं स्ट्रीमिंग ॲप घेतलं, सप्टेंबरात ते बंद केलं, आणि त्याच्या जागी नवं क्लासिकल ॲप आलं थेट मार्च २०२३ मध्ये. दीड वर्ष लोकांनी काय ऐकायचं?

ड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी लावा आणि वर्षातून एकदा तो उघडा. मी खंडेनवमीला उघडते. आधी हळदकुंकू, मग कुठल्याही चार फायली शेवटपर्यंत वाजवून बघायच्या.