सहकाऱ्याच्या मनाला प्रथमोपचार करताय? या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे आणि सहा वर्षांपासून तिथली मेंटल हेल्थ फर्स्ट एडरही आहे, म्हणजे मनानं खचलेल्या सहकाऱ्याला डॉक्टरांची मदत मिळेपर्यंत पहिला आधार देणारी. दरवर्षी प्रशिक्षण घेऊन नवी माणसं येतात. मनापासून येतात आणि त्याच त्या चुका करतात. त्यातल्या दोन चुका मला फार सलतात, त्या आधी सांगते.

पहिली म्हणजे सल्ल्याची घाई. समोरचा म्हणतो, "झोपच लागत नाही हो ताई." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू होतं : सकाळी फिरायला जा, मोबाईल लांब ठेव, प्राणायाम कर, माझ्या दिराला अगदी असंच झालं होतं. माणूस मान डोलावतो, चहाचा कप ठेवतो आणि पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही. आपण समजतो, बरा झाला.

बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात मेंटल हेल्थ फर्स्ट एडचा हा कोर्स सुरू केला. त्यात निवाडा न करता ऐकणं ही पायरी माहिती देण्याच्या आधी येते, आणि नेमकी तीच नव्या लोकांना गाळायची असते. मी हातात पाण्याची बाटली ठेवते. समोरचा थांबला की बोलत नाही, एक घोट घेते. खरी गोष्ट बहुतेकदा त्या घोटानंतर येते : "घराचे दोन हप्ते थकलेत. बायकोला माहीत नाही."

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. डिस्पॅचमधला एक मुलगा नाईट संपवून बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता. म्हणाला, "ताई, आधी शब्द द्या, कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही." मी दिला. मग त्यानं सांगितलं की आता जगायचं नाही, आणि कधी, कसं तेही ठरलंय. बोलताना सेफ्टी शूजची नाडी सोडत होता, बांधत होता, परत सोडत होता. मी माझ्याच शब्दात अडकून काही मिनिटं नुसती बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मी दिलेला शब्द मोडतेय. तुझा जीव त्याहून मोठा आहे." तो चिडून उठला. मी गेटपर्यंत त्याच्यासोबत चालत राहिले. तिथेच थांबून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला, मग त्याच्या भावाला. राजगुरुनगरहून भाऊ येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. आज तो कामावर आहे. माझ्याशी चार महिने बोलला नाही आणि त्याचा राग रास्त होता, कारण जो शब्द पाळता येणार नव्हता तो मी दिला होता.

आता माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तुझं माझ्यापाशीच राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही. पण कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन." हे ऐकून गप्प झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

याला लागूनच आणखी एक. "वेडंवाकडं काही मनात येत नाही ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नात "नाही म्हण" ही विनवणी असते. "आत्महत्येचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या भीतीनं अनेक घरं गप्प राहतात, त्यांना हेही सांगा : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि त्या प्रयत्नासाठी तिला शिक्षा होत नाही. तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

"तुला डिप्रेशन आहे" हे आपण म्हणायचं नाही. निदान डॉक्टरांचं काम आहे.

कॅन्टीनच्या रांगेत "काय रे, बरं वाटतंय का आता?" कधीच नाही.

"दहा दिवस झाले, फरक नाही, सोड त्या गोळ्या." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

रोज चार तास ओव्हरटाईम करणाऱ्याला ध्यानाचं अ‍ॅप सुचवू नका. त्याच्या परवानगीनं त्याच्या साहेबांशी कामाच्या वाटपाबद्दल बोला. ते अवघड असतं, म्हणून लोक अ‍ॅप सुचवतात.

सगळं एकट्यानं वाहू नका. नाव न घेता दुसऱ्या फर्स्ट एडरशी बोलत जा.

आणि नंबर देऊन मोकळं होऊ नका. टेली-मानसचा १४४१६ मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. पण खचलेल्या माणसाला पाच आकडे दाबणंही जड जातं. शेजारी बसा, फोन लागेपर्यंत थांबा, आणि उठण्याआधी परत भेटायचा वार ठरवा. माझ्या डायरीत नाव कुणाचंच नसतं. एवढंच असतं : गुरुवार, साडेतीन, पाण्याच्या टाकीपाशी.