अभ्यासिका, डिलिव्हरीची बॅग आणि महिन्याचा हिशोब

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोरांपुढं पहिल्याच वर्षी एक प्रश्न येतो, घरून येणारे पैसे पुरत नाहीत, तर संध्याकाळी डिलिव्हरी करावी का? सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड, कुठल्याही अभ्यासिकेच्या खाली जाऊन बघा, दोन-चार गाड्यांना ती चौकोनी बॅग अडकवलेली असतेच. मी अभ्यास करत करत पण डिलिव्हरी केलीय आणि मधे काही महिने पुस्तकं बाजूला ठेवून फुल टाइम पण केलीय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम जोडीला असेल तर झकास, पण त्याच्यावरच सगळं आलं की वर्षं कशी गेली ते कळत नाही.

चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. काम लगेच मिळतं. आधार, पॅन, लायसन्स, गाडीचं आरसी, बँकेचं पासबुक एवढं असलं की बास, अनुभव किती, इंग्रजी येतं का, गॅप का पडला, असलं काही कोणी विचारत नाही. टीशर्ट-बॅगेचे पैसे बऱ्याच ठिकाणी पहिल्या पेआउटमधून कापून घेतात, ते आधी विचारून घ्या. पैसे आठवड्याला खात्यात येतात, आणि महिन्याच्या पाच तारखेला मेसवाला आणि कॉट बेसिसचा, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने देणारा, मालक दोघं एकाच वेळी दारात उभे असतात तेव्हा याची किंमत कळते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुट्टी मागावी लागत नाही. मॉलमध्ये किंवा दुकानात लागलात तर नऊ तास गेले, रविवारी टेस्ट सिरीजचा पेपर असेल तर मॅनेजरच्या पाया पडा. इथं लॉगिन केलं नाही की झालं. (रविवारी इन्सेंटिव्ह जास्त असतो म्हणून जीव तुटतो, ते वेगळं.)

आता हिशोब. नवीन पोरगं पहिल्या दिवशी ॲपवर पाचशे रुपये बघतं आणि पाचशे कमावले म्हणून रूमवर येऊन सांगतं. तो गल्ला झाला रे, कमाई नाही. समजा संध्याकाळी सात ते अकरा गाडी चालवली आणि ५०० रुपये दिसले. त्यात ६० किलोमीटर सहज होतात. पुण्यात पेट्रोल शंभराच्या वर आहे, ट्रॅफिकमध्ये गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर १४० रुपये तिथंच गेले. मग ऑइल, ब्रेक शू, चेन सेट, टायर, क्लच केबल, हे सगळं किलोमीटरला एक रुपया धरा, म्हणजे अजून ६०. राहिले ३००. चार तासांचे ३००, म्हणजे तासाला ७५ रुपये. वाईट नाही, पण मनात जे पाचशे असतात ते हे नाहीत. आणि गाडी घरच्यांनी घेऊन दिलेली असेल तर तिची झीज आपण धरतच नाही, दोन वर्षांनी विकायला काढली की गिऱ्हाईक मीटर बघून भाव पाडतं तेव्हा ती झीज एकदम डोळ्यासमोर येते. माझं ऐका, एक छोटी वही ठेवा, रोज लॉगआउट करताना मीटरचं रीडिंग आणि त्या दिवसाचे पैसे लिहा. पंधरा दिवसांत तुम्हालाच कळेल कुठला एरिया परवडतो आणि कुठला नाही.

एरियाचं म्हणजे असं. एफसी रोडवरून ऑर्डर उचलली आणि ड्रॉप बावधनला पडला, रात्रीचे अकरा वाजलेत, तिथून परत ऑर्डर काही पडत नाही, मग चांदणी चौकातून मोकळी गाडी मारत पेठेत या. त्या परतीच्या पेट्रोलचे पैसे तुमच्याच खिशातून. बाणेरच्या ऑर्डरला दर बरा दिसतो पण विद्यापीठ चौकात अडकलात की संपलं. पावसात रेन सर्ज लागतो, पैसे खरंच वाढतात, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सगळ्या दुचाक्या झेड ब्रिजवर येतात, मॅप मात्र त्याच वेळेत पोचा म्हणून सांगत असतो. माझं साधं गणित होतं, पेठा, डेक्कन, कोथरूड, यापलीकडे रात्री दहानंतर जायचं नाही, लांबची पडली तर रिजेक्ट. रिजेक्ट जास्त झाले की ऑर्डर कमी पडायला लागतात, तरी चालेल.

वेटिंगचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एरंडवण्यात एक बिर्याणीवाला होता, शनिवारी संध्याकाळी त्याच्या काउंटरसमोर दहा-बारा पोरं मोबाइल वर धरून उभी, आतून बिलाचं मशीन सारखं चिरचिर करतंय, काउंटरवरचा पोरगा ऑर्डरचे शेवटचे चार आकडे ओरडतो, आणि आपला नंबर सोडून बाकी सगळे येतात. आत एसीत बसू देत नाहीत, पाणी मागितलं तर बाहेरच्या जारकडे बोट. मी तिथं कठड्यावर बसून कानात चालू घडामोडीचे ऑडिओ लावायचो. भारी अभ्यास व्हायचा असं नाही म्हणणार, पण उजळणी व्हायची. पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटनेचं, कलम कानाने पाठ होतं, अर्थशास्त्र नाही होत, हा माझा अनुभव.

इन्सेंटिव्हला जपून राहा. आज १४ ऑर्डर मारल्या तर इतके जादा, असा स्लॅब असतो. साडेदहाला तुमच्या १२ झालेल्या असतात. ठरवलेलं असतं साडेअकराला झोपायचं, सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा पकडायची. पण दोनच राहिल्यात ना, मग थांबता. त्या दोन ऑर्डर यायला एक वाजतो. सकाळी उठवत नाही, अकराला अभ्यासिकेत पोचता, जेवण झालं की डोळे मिटतात, आणि संध्याकाळी पुन्हा बॅग. असं आठवडाभर झालं की अभ्यासाचं वेळापत्रक ॲप ठरवायला लागतं. माझ्या रूममधला एकजण स्लॅबकडे बघायचाच नाही, अकरा वाजले की लॉगआउट, चालू ऑर्डर देऊन सरळ घरी. पैसे आमच्यापेक्षा कमी मिळवायचा, पण त्याचं वाचन आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त झालेलं असायचं.

शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. आधी गोळे काळे करायचे होते, आता तासन् तास लिहायचंय. रोज चार तास क्लच-ब्रेक दाबून मनगट दुखत असेल तर उत्तरलेखनाचा सराव कसा करणार? हे लोकांना बारीक वाटतं, मला नाही वाटत. मुख्य परीक्षेच्या तीन महिने आधी गाडी बंद, याच्यात तडजोड नको.

आता तोट्यातला सगळ्यात मोठा, आयडी ब्लॉक. एका कंपनीत माझा आयडी शुक्रवारी रात्री बंद झाला. कस्टमरनेच फोनवर सांगितलेलं की वॉचमनकडे ठेवून जा, मी ठेवली, नंतर त्याने ऑर्डर मिळालीच नाही म्हणून तक्रार टाकली. चॅट सपोर्टवर तेच ते छापील उत्तर येत राहिलं, टीएल (टीम लीडर) फोन उचलेना, आठवड्याचं पेआउट अडकलं. वॉचमनच्या रजिस्टरचा फोटो नेऊन ऑफिसात दाखवला तेव्हा कुठं चालू झाला. इथं नोटीस वगैरे काही प्रकार नसतो. म्हणून दारात नाही दिलं तर पार्सलचा फोटो काढायचाच, कस्टमरशी बोलणं ॲपमधूनच करायचं, आणि एकाच आयडीवर महिन्याचं भाडं टांगून ठेवायचं नाही. कॅश ऑर्डरचे पैसे पण लगेच भरत जा, लिमिट भरलं की ऑर्डर पडायच्या बंद होतात आणि खिशातले पैसे आपलेच वाटायला लागतात. आणि कोणी म्हणालं की माझा आयडी भाड्याने चालव तर हात जोडा. उद्या अपघात झाला तर कागदावर त्या गाडीवर तुम्ही नव्हताच.

अपघातावरून आठवलं. कंपन्या अपघात विमा देतात, पण तो लॉगिन असताना की फक्त ऑर्डर चालू असताना, दवाखान्याचा खर्च किती, हे पॉलिसीत वाचा, ॲपमध्ये कुठंतरी कोपऱ्यात असतं. गाडीचा इन्शुरन्स बहुतेकांचा खासगी वापराचा असतो आणि डिलिव्हरी करताना गाडी ठोकली तर क्लेमला अडचण येऊ शकते, एजंटला आधीच स्पष्ट विचारा. बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा तरी घ्याच, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती मृत्यूचं कव्हर आहे. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते, ती पण करून टाका.

कायद्याचं थोडं, कारण हा प्रश्न तुम्हाला पेपरात पण येऊ शकतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे आपल्यासारखे पगारावर नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे, धरलेत, २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात गिग कामगार पहिल्यांदा कायद्यात आला, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपर्यंतच, निधीत भरायची असं आहे. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, कर्नाटकनेही नंतर केला. केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस काम अशी अट होती. आपल्यासारख्या मधेच सोडणाऱ्या, पुन्हा धरणाऱ्या पोरांची अडचण इथंच होणार. म्हणजे कागदावर सुरुवात झालीय, पण पीएफ, पगारी रजा, किमान वेतन यातलं काही आज तुमच्या हातात येत नाही, हे धरूनच चाला.

गाडी नको असेल तर घरबसल्याची कामं पण आहेत, मराठी टायपिंग, भाषांतर, व्हॉइस रेकॉर्डिंग, ऑनलाइन शिकवणी. शरीराला बरी, पण काम सलग मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशन फी मागणारा प्रत्येक डेटा एंट्रीवाला चोर समजा. शिकवणी जमत असेल तर ती सगळ्यात भारी, गणित-विज्ञान शिकवताना स्वतःचीच तयारी होते.

फुल टाइमच्या काळाबद्दल सांगायचं तर, पैसे दिसत होते. सकाळी नाश्त्याची गर्दी, दुपारचं जेवण, संध्याकाळ, बारा तास रस्त्यावर. घरी दोन पैसे पाठवता आले, आईला बरं वाटलं. पण दर महिन्याला वाटायचं पुढच्या महिन्यात अभ्यास चालू करू, आणि पुढच्या महिन्यात गाडीचं काम निघायचं. पगार वाढत नाही, बढती नाही, पाच वर्षांपूर्वी लागलेला आणि काल लागलेला एकाच दराने ऑर्डर उचलतो. सोसायटीत मेन लिफ्टने गेलात तर कोणीतरी सर्व्हिस लिफ्ट दाखवतंच. बँकेत कर्जाला गेलात तर सॅलरी स्लिप मागतात, आणि गावाकडं मुलगी बघायला गेलात तर पाहुणे विचारतात, म्हणजे नक्की कुठं कामाला? दोघांनाही दाखवायला कागद लागतो, म्हणून आयटीआर (आयकर रिटर्न) भरा, उत्पन्न करपात्र नसलं तरी.

आयटीआरचा दुसरा फायदा पण आहे. वर्षाचे पैसे लाखाच्या वर गेले की कंपनी साधारण १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, पॅन लिंक नसेल तर २० टक्के. आपल्याला टॅक्स बसत नसेल तर तो सगळा परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. म्हणून काम सोडताना कॅशचा बॅलन्स शून्य करा, शेवटचे सगळे पेआउट स्क्रीनशॉट काढून ठेवा, बॅगेचं डिपॉझिट असेल तर मागून घ्या. आणि ज्या खात्यात पैसे यायचे ते झीरो बॅलन्सचं आहे, आता काय कामाचं म्हणून लगेच बंद करू नका, रिटर्नमध्ये तेच खातं दिलं असेल तर रिफंड पुढच्या वर्षी त्याच खात्यात येतो.